बाबांना विचारून घेतलेला फिल्टर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय! थांब थांब, तोंडात टाचण्या आहेत माझ्या… हं. काढल्या. बोल आता… नाही गं, ऐकू येतंय. फक्त स्पीकरवर टाकते, हात गुंतलेत. दातांच्या डॉक्टरांकडचे पडदे आलेत शिवायला, आणि कापड असं बुळबुळीत की मशीनखाली ठरतच नाही…

हं, बोल. कुठे आहेस?… स्पेअर पार्टच्या दुकानासमोर? सकाळी सकाळी तिथे काय काढलंस?

हॅलो? गेलीस का?… मग बोलत का नाहीस?… आणि आवाज असा का येतोय?… सर्दी नाही ती. तुझी सर्दी मला ठाऊक आहे. ठमे, रडतेयस तू?

बरं, बरं. रड आधी. रडून झालं की सांग. लेकीच्या रडण्यापुढे पडदे काय, राहतील तसेच. मी आहे इथेच.

हं… हं… कोण म्हणालं असं?… चौकातला मिस्त्री? त्याने इंजिन उघडून बघितलं?… नुसतं ऐकून म्हणाला?… ‘इंजिन गेलं, खोलावं लागेल’… असं सरळ तोंडावर?… हो, हो… अगं ऐक ना, तो म्हणाला म्हणजे तसं झालं असं नाही… हो, उद्या निघायचंय ते माहितीये मला. डोळे तपासायची सगळी यंत्रं गाडीत चढवून झालीयत?… आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?… काय म्हणाल्या?

हं. संध्याकाळपर्यंत गाडी ठीक नसेल तर दुसरी व्हॅन बघतील. दुसरी व्हॅन म्हणजे दुसरा ड्रायव्हर… कळतंय गं मला. पण त्यांचंही बरोबर आहे. फिरता दवाखाना घाटात बंद पडला तर वर वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यांनी करायचं काय? ते बिचारे पहाटेपासून येऊन बसतात म्हणे.

नाही, नाही, मी त्यांची बाजू घेत नाहीये. तुझीच घेतेय. तू हे काम कसं मिळवलंस ते मी बघितलंय ना. बाई घाटात गाडी कशी चालवणार, असं तो साहेब म्हणाला होता, आणि तू त्यालाच शेजारी बसवून घाट चढवून उतरवून आणलंस. आल्यावर पाणी मागत होता… हं. हसलीस ना जरा. आता डोळे पूस आणि मला नीट सांग.

काय होतं नेमकं?… सकाळी चालू केली की खडखड. कशी खडखड? डब्यात खिळे हलवल्यासारखी?… आणि मग?… आपोआप बंद होते? लगेच?… आणि दिवसभर काही नाही?… मग दिवसभर ठणठणीत असलेलं इंजिन सकाळी कसं मेलेलं असेल गं? मला काही इंजिनातलं कळत नाही, पण इतकी वर्षं गॅरेजच्या डोक्यावर राहिले, खालचं थोडंफार वर पोचलंच असेल की.

कधीपासून होतंय हे?… गेल्या आठवड्यापासून. गेल्या आठवड्यात काय केलंस गाडीला?… ऑइल बदललंस? तू? स्वतः?… आणि फिल्टरही. अगं वा… पण कुठे?… तिकडेच, डेपोच्या मागे, उघड्यावर! अगं, मग इथे का नाही आणलीस? बाबांचं गॅरेज खालीच तर आहे… बंद असलं म्हणून काय झालं, किल्ली खिळ्यावर असते, तुला माहीत नाही का…

हं.

हं… बाबांना त्रास नको म्हणून.

थांब, स्पीकर बंद करते. …हं, आता बोल. ते खिडकीशी बसलेत, पाठ करून. ऐकत नसतील, पण तरी… बरे आहेत. म्हणजे, खोलीतल्या खोलीत काठीशिवाय चालतात आता. उजवा हात अजून तसाच. डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले ना, लकव्याच्या झटक्याने डोक्यातलं काही पुसलं गेलेलं नाही, सगळं जागच्या जागी आहे, बोलताना शब्द तेवढा भलताच बाहेर पडतो. येईल म्हणाले हळूहळू. बोलत राहायला हवं म्हणाले. आणि हा माणूस बोलतच नाही.

काल काय झालं ते तुला सांगितलंच नाही. टायरवाला आला होता भेटायला… हो, तोच, मिशीवाला. बाबांना म्हणायचं होतं ‘बस’. तोंडातून आलं ‘छत्री’. पुन्हा म्हणायला गेले, पुन्हा छत्री. आणि तो हसला… अगं, वाईट मनाने नाही, त्याला वाटलं गंमत करतायत. हे जे उठून आत गेले ते गेलेच. मी आपली बाहेर बसून त्याच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिले. जेवतानाही एक शब्द नाही. मीठ हवं तर बोट. पाणी हवं तर बोट.

तर तू नाही विचारलंस, ते मला समजतं. मी तरी कुठे विचारते आता काही? पूर्वी न्हाणीघरातल्या नळापासून माझ्या मशीनपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. परवा मशीनचा पट्टा सैल झाला, तो मी गुपचूप बाहेरून बदलून आणला. म्हटलं, कशाला दाखवा, हात चालत नाही, उगाच जिवाला लागेल. त्यांनी बघितला नवा पट्टा. येताजाता त्याच्यावर बोट फिरवलं नुसतं. आणि मग खिडकीशी जाऊन बसले ते…

अगं बाई.

नाही, काही नाही… ते बघतायत माझ्याकडे. खुर्ची फिरवून बसलेत. आधी स्पीकरवर होता ना फोन. ऐकलंय त्यांनी. तुझं सगळं नाही, स्पीकर बंद करेपर्यंतचं.

अहो, काही नाही, ठमीचा फोन आहे. गाडीचं काहीतरी… काय?… काय हवंय?… फोन?

अगं, हात पुढे केलाय… हो, फोनसाठीच! फोन वाजला की आतल्या खोलीत जाणारा माणूस! थांब, स्पीकर लावते. हे बघ, एकदम बोलू नकोस. आणि शब्द पुरवू नकोस मधे मधे, त्याने जास्त चिडतात.

हं, बोला… छत्री?… छत्री चालू?… अहो, असू दे, कळलं. गाडी? गाडी चालू करायला सांगू?… हो म्हणतायत. ठमे, गाडी चालू कर, आवाज ऐकायचाय त्यांना.

काय?… बराच वेळ उभी राहिली की मगच होतो? मग आता कधीची उभी आहे?… दुकान उघडायच्या आधीपासून? म्हणजे चांगली गार झाली असेल. कर बघू. बॉनेट उघड आणि दुकानातल्या काकांना सांग जरा फोन तिथे धरायला. तू आत बसून किल्ली फिरव… अहो, करतेय ती, थांबा, उतरून बॉनेट उघडायला वेळ लागतो की नाही… हं, काका, नमस्कार, मी तिची आई. जरा जवळ धरा. त्रास देतोय तुम्हाला…

ऐकलं! ऐकलं गं! बाई गं, हा तर खरंच खिळ्यांचा डबा… आणि थांबला. थांबला की. …शू. एक मिनिट. डोळे मिटून बसलेत.

‘बंद’ अशी खूण करतायत. बंद केलीस?… हं.

अगं, ‘हुं’ केलं त्यांनी. नाकातून. ते हुं तुला आठवतंय ना? एखादं गिऱ्हाईक घाबरंघुबरं होऊन यायचं, गाडी संपली म्हणायचं, आणि गाडीला काहीच झालेलं नसायचं… हां, तेव्हाचं हुं. अगदी तेच.

काय हो? काय झालंय गाडीला?… दार?… दार म्हणतायत. थांब हं, वारा येतोय वाटतं त्यांना, दार लावून येते…

हं, लावलं… नाही? अहो, लावलं की. उघडू?… बरं, उघडते… हे बघा, उघडलं… आता काय झालं चिडायला! लावलं तरी चिडताय, उघडलं तरी चिडताय… अगं, काही कळत नाहीये. ते दार दार म्हणतायत आणि मी उघडझाप करतेय. समोरच्या वहिनी खिडकीत येऊन बघायला लागल्या.

काय?… हो, विचारते. अहो, ठमी विचारतेय, गाडीचं दार का?… नाही. अशी जोरात मान हलवली की मलाच चक्कर आली.

थांब… पाण्याचा पेला उचलला. डाव्या हातात… तहान लागलीय का हो?… अहो! अहो, पडदा! डॉक्टरांचा पडदा भिजला! अगं, भरलेला पेला टेबलावर आडवा केला त्यांनी… नाही, पडला नाही हातातून. मुद्दाम केला. माझ्याकडे बघत केला. आणि आता रिकामा पेला परत माझ्यापुढे धरलाय… भरू? पुन्हा?… भरते बाबा, भरते. आधी पडदा तर उचलू दे.

हं. भरला. आता?… माझा हात कशाला?… पेला माझ्यासमोर ठेवून माझा हात ओढला. तळहात पेल्यावर पालथा घातला, झाकणासारखा. दाबू?… दाबला. आता पेला… अहो, आडवा करू नका… केला. …सांडलं नाही. थोडं ओघळलं मनगटावर, बाकी पेल्यातच.

ठमे.

थांब. बोलू नकोस. ठमे, ते दार गाडीचं नाही, फिल्टरमधलं आहे… हो, हो… अगं ऐक ना! पेला म्हणजे फिल्टर. गाडी बंद केली की फिल्टरमधलं तेल मागच्या मागे वाहून जातं, दार नीट लागत नसलं की. मग सकाळी चालू करताना वर इंजिनात तेलच नाही, सगळं कोरडं, म्हणून खडखड! तेल पोचलं की आवाज बंद!… बरोबर ना हो?… बरोबर! टेबलावर थाप मारली, ऐकलीस?… काका काय म्हणतायत?… असतं म्हणतायत? रबराची चकती? तेल आत येऊ देते आणि मागे जाऊ देत नाही?… तेच. तेच दार. बघा हो, काकाही तेच म्हणतायत.

म्हणजे इंजिन बरं आहे.

हो. इंजिन बरं आहे, ठमे… त्यांना विचारून सांगतेय. मान बघ कशी हलवतायत… तुला कशी दिसणार, माझंही डोकं चालेनासं झालंय. बरं आहे इंजिन. बाबा सांगतायत… रड, रड, पण आता लवकर आटप जरा. फिल्टर निवडायचाय.

छे गं, तुझं काही चुकलं नाही. बाहेरून सगळे पत्र्याचे डबेच, आत काय ते तुला कोण सांगणार होतं? खोक्यावर काय होतं, वाघ?… वाघाचं चित्र बघून घेतलास! बाबांनी कपाळाला हात लावला… अहो, राहू द्या. तुम्ही ती इस्त्री कशावरून आणली होतीत? खोक्यावर हंस होता म्हणूनच ना? एका कपड्याला सरळ केलं नाही त्या हंसाने.

हं, आता काकांना म्हणावं, आमच्या गाडीला चालतील असे जेवढे असतील तेवढे काउंटरवर मांडा. गाडीचं मॉडेल नीट सांग, अंदाजपंचे नको… मांडले? सांग एकेक.

वाघ आहेच का. तो बाजूला ठेव, फेकू नको, लागेल… दुसरा? मोठा आहे? लांबीला जास्त… आणि काका म्हणतायत हाही बसतो. अहो, मग मोठा बरा ना? तेल जास्त मावेल… नाही म्हणतायत. का हो?… हात खाली नेऊन जमिनीवर घासून दाखवतायत. खाली लोंबेल?… हां, घाटात एखादा दगड लागला की फुटलाच. खरंय, पडदासुद्धा मापापेक्षा लांब शिवला की पायात येतो. गाडीसाठी ठरवून दिलाय त्याच मापाचा घ्यायचा, ठमे. मोठा म्हणजे चांगला असं नाही.

तिसरा?… साध्या पांढऱ्या खोक्यात. चित्र नाही काही? मला आवडला… बरं, बरं, नुसतं आवडून घ्यायचा नाही, कळलं. काय म्हणता?… टोपी?… टोपी काढ? म्हणजे खोक्यातून बाहेर काढ, आणि वरचं प्लॅस्टिकचं झाकण असेल तेही काढ… हो, असंच म्हणायचंय त्यांना.

काढलंस? आता तोंडाकडून बघ. मधे मोठं भोक आहे ना, आतून आटे असलेलं? आणि त्याच्या भोवती बारीक भोकं, गोलात… बाबा बोटाने टेबलावर ठिपके काढतायत, पाण्याचे. मी ते बघून सांगतेय. त्या बारीक भोकांतून आत डोकाव. काय दिसतं?… रबर. तांबूस… हेच दार. बोट जात नसेल तर दातकोरणं माग काकांकडे आणि हळूच दाब. भोसकू नको. नुसतं दाबायचं… मागे जातं? आणि सोडलं की?… परत येतं. लगेच? की विचार करून?… लगेच. छान.

आता वाघाचंही तसंच दाबून बघ म्हणतायत. म्हणजे तुझ्या हाताला फरक कळेल… हं?… कडक आहे, आणि दाबलं की तिथेच राहतं. बघ. जुनं इलास्टिक असतं तसं. दिसायला आहे, पण ओढून धरत नाही. गरम तेलात तर आणखीनच जाईल ते कामातून.

काय आहे काकांकडे?… मधोमध कापलेले नमुने? दोन्हींचे? अहो काका, मग हे आधी नाही का काढायचं! हं, ठमे, आत कागद असेल बघ, चुण्या घातलेला. तेलातली घाण तिथे अडकते… हे माझं खातं आहे, आता मी विचारणार. अहो, तुम्ही थांबा जरा. चुण्या दाट आहेत का पांढऱ्याच्या?… सारख्या अंतरावर? की एकीकडे गर्दी आणि एकीकडे मोकळं मैदान?… सारख्या. आणि कागदाची दोन टोकं जिथे जोडलीत तिथे?… घट्ट. आणि वाघाच्या?… फट आहे? डिंक सुटलाय? मग घाण तिथूनच निघून जाणार की सरळ, बाकीच्या चुण्यांनी नुसतं बघत बसायचं!… बाबा मान डोलावतायत. काय बघताय असे? चुण्या कळतात म्हटलं मला. जन्म गेला त्यात.

हं?… सांगू? कोणाला?… ‘छत्रीला सांग.’ छत्री म्हणजे…

अगं, तुला म्हणाले. ठमीला सांग म्हणायचं होतं… अहो असू दे, असू दे, तिला कळलं. जाऊ दे ते… ठमे, हसतेयस का तू? मला ऐकू येतंय. हसू नको गं, काल त्या टायरवाल्याच्या वेळी…

अगं.

ते हसतायत. अगं, ते स्वतःच हसतायत! खांदे गदागदा हलतायत… काय हो, छत्री काय? आता मला म्हणतायत छत्री! मुद्दाम! अहो, ही मुद्दाम म्हटलेली आहे, मला कळते… ऐक, फोन तिकडे धरते, ऐक… ऐकलंस?

हं.

मी? मी कुठे रडतेय. टाचणी टोचली.

बरं, काय सांगायचं होतं छत्रीला?… हात फिरवतायत, गोल गोल. आटे? आटे बघायचेत?… हो. काकांकडे या मापाचा बोल्ट असेल तर फिल्टर त्यावर फिरवून बघ. हाताने अलगद चढायला हवा. अडला तर जबरदस्ती करायची नाही, सरळ दुसरा मागायचा… चढला? डुगडुगत नाही ना?… आणि तोंडाभोवतीची रबराची रिंग बघ, कुठे चीर, कुठे चेपलेली?… काही नाही. मग घे. पांढराच घे. मी म्हटलं होतं ना पांढरा.

आता बसवणार कोण?… काकांच्या ओळखीचा आहे म्हणतायत एकजण? शेजारीच? मग तर…

नाही म्हणाले. थाप मारली परत, पेला उडाला माझा. ‘इथे.’ ठमे, ‘इथे’ म्हणाले! बरोबर शब्द आला!… हो, स्पष्ट. म्हणा परत… हे बघ, ‘इथे’. अहो, पण इथे म्हणजे खाली? गॅरेजमध्ये? तुम्ही? आणि हाताचं काय?

डावा हात वर करून दाखवतायत. आणि मग फोनकडे बोट… तुझ्याकडे. एक त्यांचा आणि दोन तुझे. तीन झाले. आणखी किती हवेत म्हणा.

अगं, उठले. अहो, आत्ता लगेच कुठे, तिला येऊ तर दे… किल्ली काढली खिळ्यावरची. अहो, काठी! जिन्याला काठी घ्या! …ठमे, फोन ठेवू नको हं, मी जाते त्यांच्या मागून.

हॅलो?… येतंय का ऐकू?… जिन्यात तुटतो जरा आवाज… एकेक पायरी उतरतायत. भिंतीला खांदा लावून… नाही, धरलेलं नाही मी. धरलं की थांबतात. मागून हात पसरून चाललेय नुसती… अगं पण मी मागे काय करतेय? पडले तर पुढे पडतील! सरका हो, मला पुढे जाऊ द्या… नाही देत. जिना अडवून उतरतायत. आजारपणापासून एकदाही फिरकले नव्हते इकडे, आणि आज बघ…

हॅलो?… हो, हो, आहे. पोचलो… दम लागलाय थोडा. त्यांना नाही गं, मला. …कुलूप काढलं. डाव्या हाताने. आता शटर… थांबा, एकट्याने नको, मी या बाजूने… ऐकलंस का कर्रकर्र? तेल हवंय त्यालाही. अर्ध्यावर अडलंय… अहो, माझ्याबरोबर लावा जोर… हं! गेलं वर.

धूळ आहे गं चिक्कार. पाने तसेच भिंतीवर, ओळीने. आणि तो वास. मी म्हणायचे ना नेहमी, वर येताना तो वास खालीच ठेवून येत जा म्हणून… उभे आहेत. बघतायत सगळीकडे… नाही, ठीक आहेत. फडकं घेतलं. टेबल पुसतायत. एका टोकापासून, अगदी कोपऱ्यातून… बोलू नकोस जरा.

हं. बोल आता… हो, विचारते. अहो, ती विचारतेय, तोपर्यंत गाडी चालवलेली चालेल ना? इथपर्यंत?… चालेल. पण चालू केली की लगेच पळवायची नाही. खडखड थांबेपर्यंत उभी राहू द्यायची, मग निघायचं. आणि पाय… पाय दाखवतायत मला. असा, हलका. वाटेत कुठे थांबायचं नाही, सरळ घरी… आणि ऑइलचा डबा घे बरोबर, फिल्टर काढला की थोडं सांडणारच, वर टाकायला लागेल. तुझ्या गाडीत टाकलंस तेच.

थांब, आणखी काहीतरी आहे. बोटाने टेबलाच्या कडेला गोल… तेल लावायचं? रिंगला?… हो. नव्या फिल्टरची रिंग कोरडी चढवायची नाही, बोटाने जरासं तेल फिरवायचं. आणि जुन्याची रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते, ती आधी बघून काढायची, नाहीतर दोन रिंगा होतात आणि सगळं तेल रस्त्यावर… हे मी त्यांच्या बोटांवरून सांगतेय हं, एखादं इकडचं तिकडे झालं असेल. तू आलीस की सांगतील परत. तुला शिकवल्याशिवाय थोडेच सोडणार.

डॉक्टरीणबाईंना फोन करून टाक आधी. सांग, गाडी बरी आहे, फक्त फिल्टर बदलायचाय. दुपारी गार करून पुन्हा चालू करून बघू, आवाज आला नाही की कळवते म्हणावं. त्याआधी शब्द देऊ नको… हो, मलाही वाटतं की नाही येणार. पण बाबा ऐकल्याशिवाय सोडणार नाहीत तुला, माहितीये ना.

आणि ऐक. काही खाल्लंयस का?… मग काकांना विचार तिथे काय मिळतं ते आणि दोन घास खा, मग निघ. रिकाम्या पोटी गाडी… हो, हो, ओळखीचं वाक्य आहे, म्हणून काय म्हणायचं नाही?

काय गं? …नाही, मला नाही त्रास झाला. त्यांनाही नाही. बघतेयस ना… बघत नाहीयेस, पण ऐकतेयस. यापुढे असं काही असलं की आधी इथे फोन कर. भलताच शब्द येऊ दे, आपण लावू अर्थ. दार उघडून, लावून, कसंही.

थांब, एक मिनिट. काय हो?… काही नाही गं, समोर येऊन उभे राहिलेत माझ्या. उजवा हात डाव्याने उचलून धरलाय, माझ्यापुढे… दुखतोय का?… नाही. मग?… अच्छा. अच्छा.

बाह्या, ठमे. बाह्या दुमडून हव्यात. कामाला लागायचंय ना.

इतक्या दिवसांत कपड्याला हात लावू दिला नाही गं मला. एका बटणाला अर्धी सकाळ घालवतील, पण मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड. आणि आता बघ… हो, हो, करते, थांबा, घाई किती… बरं, ये तू. सावकाश ये. मला आता दोन्ही हात लागणारेत. ठेवते.